फी माफ झाली. खोलीच्या भाड्याचे काय?

"सर, सरकार घर का किराया देता बोलते, सच है क्या?"

तामलवाडीच्या एका भगिनींनी आम्हाला हा प्रश्न विचारला, तो २०२४ च्या पावसाळ्यात. हातात मोबाइल, मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ. शौहरचे सोलापूर-तुळजापूर रस्त्याच्या कडेला पंक्चर काढण्याचे दुकान. घर स्वतःचे, दोन खोल्यांचे. मग भाडे कसले? तर मुलीला पुण्यात बी. फार्मसीला प्रवेश मिळत होता. फीचा प्रश्न अल्लाहच्या कृपेने सुटला होता. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये राज्य सरकारने आदेश काढला होता की आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. मुलीकडे ओबीसीचा दाखला होता, प्रवेश केंद्रीभूत फेरीतून होता. राहिले होते ते राहण्याचे.

गावात यावर उपाय सांगणारे पुष्कळ. कुणी म्हणाले, पुणे कशाला, सोलापूरलाच घाला, रोज एसटीने येईल-जाईल. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट असतो. पुढे फुकट नसला तरी २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धे तिकीट आहे. सोलापूरपुरता हा हिशेब ठीक आहे. पुण्याला तो लागू होत नाही. आणि मिळालेली जागा सोडून पुढच्या वर्षी जवळचे बघू, असे म्हणून थांबलेल्या मुलींचे पुढचे वर्ष निकाहाच्या दावतीतच उजाडते, हे आम्ही शिक्षक वीस वर्षे पाहत आहोत.

तर व्हिडिओतले खरे किती? आम्ही त्यांना सांगितले ते इथे थोडे विस्ताराने लिहितो, कारण हाच प्रश्न नंतर आणखी बऱ्याच घरांतून आला.

कुटुंबाच्या घरभाड्यात दर महिन्याला सरकारने भर घालायची, ही पद्धत परदेशात आहे. अमेरिकेत गरीब भाडेकरूने आपल्या उत्पन्नाचा साधारण तीस टक्के हिस्सा भरायचा आणि उरलेले सरकारने घरमालकाला द्यायचे, अशी योजना कित्येक दशके चालू आहे. जर्मनीतही भाड्यासाठी सरकारी भत्ता मिळतो. आपल्याकडे घराची मदत म्हणजे बहुतेक वेळा घर बांधायची मदत. खेड्यात पंतप्रधान आवास योजनेत सपाट प्रदेशासाठी एक लाख वीस हजार रुपये मिळतात, पण त्याला स्वतःची जागा लागते. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार आणि इतर कष्टकऱ्यांसाठी तीस हजार घरांचे रे नगर उभे राहिले. तीही मालकीची घरे. शहरी आवास योजनेचा २०२४ पासूनचा जो दुसरा टप्पा आहे, त्यात भाड्याच्या घरांचा एक भाग आहे खरा. पण त्यात भाड्याने देण्यासाठी इमारती उभारायच्या आहेत. तुम्ही आज ज्या खोलीत राहता तिचे भाडे त्यातून येत नाही. तेव्हा घरातल्या माणसांसाठी भाड्याचे फॉर्म भरून देतो म्हणून कुणी पाचशे रुपये मागत असेल, तर देऊ नका.

पण गरीब घरातले मूल शिकायला दुसऱ्या गावी खोली करून राहत असेल, तर त्याच्या भाड्याला आणि जेवणाला महाराष्ट्र सरकार पैसे देते. हे पैसे मुलाच्या स्वतःच्या बँक खात्यात येतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी तशीच ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना २०२३-२४ पासून सुरू झाली. वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलामुलींसाठी ती आहे. बारावीनंतरचे शिक्षण, कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत, आणि ज्या शहरात कॉलेज आहे त्या शहरातला विद्यार्थी नसावा, या तिच्या मुख्य अटी.

रक्कम शहराप्रमाणे आहे. पुणे, मुंबई, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला साठ हजार रुपये: त्यात भोजनाचे ३२ हजार, निवासाचे २० हजार आणि निर्वाहाचे ८ हजार. धाराशिवसारख्या जिल्ह्याच्या गावी ४३ हजार, त्यात निवासाचे १२ हजार. बारा हजार म्हणजे महिन्याला हजार रुपये, आणि पुण्याचे वीस हजार म्हणजे महिन्याला सोळाशे-सतराशे. पुण्यात एवढ्यात खोली मिळत नाही, तिघी-चौघींत एक कॉट मिळाली तर मिळते. पण भोजनाचे आणि निर्वाहाचे धरून एकूण साठ हजार हाती आले, तर पंक्चरवाल्या बापाला महिन्याचा बराचसा भार हलका होतो. आमच्या गावात साठ हजार म्हणजे एखाद्या घराची अर्ध्या वर्षाची कमाई.

एक गोष्ट मात्र खटकते. योजनेत प्रत्येक जिल्ह्याला ६०० विद्यार्थ्यांची मर्यादा ठेवली. छत्तीस जिल्हे, एकवीस हजार सहाशे विद्यार्थी. धाराशिवला सहाशे आणि पुण्यालाही सहाशेच! अर्धा महाराष्ट्र शिकायला पुण्याला जातो. तिथल्या सहाशेंत नाव लागायला गुण चांगले हवेत आणि कागद एकही कमी पडता कामा नये. धाराशिवमध्ये शिकणाऱ्याला तीच यादी तुलनेने सोपी. आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजात शिकणारी किती मुले हा अर्ज भरतात, असे आम्ही आमच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारले. बहुतेकांनी योजनेचे नावही ऐकलेले नव्हते.

आता कागदांकडे येऊ. पहिला अडथळा जातीचा दाखला.

आपल्यात जात कुठे असते, असे अनेक बुजुर्ग म्हणतात. दीनच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण मुस्लिम म्हणून शिक्षणात जी सवलत २०१४ च्या अध्यादेशाने दिली होती, ती अध्यादेशाबरोबर संपली. आज जे काही मिळते ते बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन, शिकलगार अशा व्यवसायाने ओळखल्या जाणाऱ्या बिरादऱ्यांना, ओबीसी म्हणून मिळते. त्यासाठी शब्बीर अन्सारींसारख्या कार्यकर्त्यांनी गावोगाव हिंडून चळवळ केली आणि दिलीपकुमार यांच्यासारखा माणूस त्या चळवळीच्या व्यासपीठांवर आला. दाखल्यासाठी पुरावा लागतो तो १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा: वडील, आजोबा, चुलत आजोबा, म्हणजे वडिलांच्या बाजूच्या रक्तनात्यातल्या कुणाचा तरी. शाळेचा निर्गम उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीचा जुना कागद, यांपैकी काही.

इथे आमच्या पेशाची एक चूक कबूल केली पाहिजे. शाळेच्या जुन्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात आपल्या मुलांपुढे सरसकट 'मुसलमान' लिहिलेले आढळते. गुरुजींनी विचारले नाही, बापाने सांगितले नाही. त्या एका शब्दाने आज नातवांचे दाखले अडतात.

मराठवाड्यात मात्र एक वाट आहे, आणि ती उर्दूतून जाते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. सरकारी कामकाज उर्दूत चाले. त्या काळच्या शाळेच्या आणि महसुलाच्या नोंदींत आजोबा-पणजोबांच्या नावापुढे त्यांची बिरादरी किंवा पेशा लिहिलेला सापडतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यातल्या कचेऱ्यांतले असे उर्दू आणि मोडी दप्तर धूळ झटकून बाहेर निघाले. ते दप्तर एकट्या मराठा समाजाचे नाही. त्यात आपलेही आजोबा आहेत.

वर सांगितलेल्या मुलीचा दाखला असाच निघाला, ती अकरावीत असताना. वडिलांच्या उताऱ्यावर 'मुसलमान'. आजोबांच्या मोठ्या भावाच्या उर्दू नोंदीवर 'बाग़बान'. आमच्यापैकी एकाने ती वाचली तेव्हा मुलीच्या वडिलांनी कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. त्यांना उर्दू वाचता येत नाही. पण आमचे वाचन कचेरीत चालत नाही, प्रमाणित भाषांतर लागते. ते केले, तर सरकारी यादीत शब्द 'बागवान' आणि भाषांतरात 'बागबान', यावरून एक चक्कर जास्त झाली. मग वंशावळीचे शपथपत्र. मग सेतू केंद्रातून अर्ज, उपविभागीय अधिकाऱ्यांची सही आणि त्यानंतर पडताळणी समितीकडे वैधतेचा अर्ज. सगळे मिळून दहा महिने गेले. म्हणून आम्ही सांगतो की दाखल्याचे काम बारावीच्या निकालानंतर काढू नका. नववी-दहावीतच काढा.

तामलवाडीच्या लोकांनी आणखी एक लक्षात ठेवावे. आपले गाव जिल्ह्याच्या हद्दीवर आहे. कितीतरी घरे सोलापूरकडून इकडे आली. १९६७ च्या आधी तुमचे आजोबा सोलापूर जिल्ह्यात राहत असतील, तर दाखल्याचा अर्ज तिकडच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करावा लागतो, इकडे नाही. चुकीच्या दारात बसून लोकांचे महिने जातात.

दाखला झाला, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून मिळाला, कॉलेजचे बोनाफाईड झाले, खाते आधारशी जोडले. मुलगी पुण्याला गेली, आपल्याच वस्तीत एका घरात वरच्या मजल्यावर तीन मुलींबरोबर तिला जागा मिळाली. आणि अर्जाची मुदत संपायला पंधरा दिवस असताना काम अडले ते भाडेकरारावर. योजना भाड्याने राहणाऱ्यासाठी आहे, तेव्हा भाड्याने राहत असल्याचा करार आणि शपथपत्र हवे. घरमालक म्हणाले, "भाडं रोख द्या, कागद नको. आपल्या माणसांत कसला कागद?"

ते गृहस्थ पाच वक्तांचे नमाजी. रमजानमध्ये या मुलींना इफ्तारी पाठवतात. वाईट माणूस नाही. पण कागद म्हटला की भीती. खोली हातची जाईल, महापालिकेची घरपट्टी वाढेल, आयकरवाले विचारतील. आम्ही फोनवर दोनदा बोललो. ते ऐकेनात. मुलीला सामान उचलून दुसरीकडे जावे लागले.

ही भीती फक्त त्यांची नाही, म्हणून जरा कायदा सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. त्याच्या कलम ५५ प्रमाणे जागा भाड्याने किंवा लिव्ह अँड लायसन्सने दिली, तर करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. ती न केल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच कलमात पुढे जे लिहिले आहे ते आमच्या घरमालक बांधवांनी नीट वाचावे: नोंदणीकृत लेखी करार नसेल आणि वाद झाला, तर भाड्याच्या अटी भाडेकरू सांगेल त्याच खऱ्या धरल्या जातात, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे कागद नसल्याने खोली सुरक्षित राहत नाही, उलट धोक्यात येते. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्समध्ये राहणाऱ्याला फक्त वापरण्याची परवानगी असते, कुळाचा हक्क लागत नाही. मुदत संपली की जागा रिकामी करावीच लागते. खर्च म्हणाल तर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, नोंदणी फी शहरात हजार रुपये आणि ग्रामीण भागात पाचशे. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. हा खर्च चार मुलींनी वाटून घेतला तर कुणाला जड नाही.

आणि दीनची गोष्ट. कुरआन मजीदमधली सर्वांत लांब आयत कोणती, असे आम्ही वर्गात विचारतो. मुले चटकन सांगतात: सूरह बकराह, आयत २८२. तिचा विषय काय, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे: लिहिणारा कसा असावा, साक्षीदार किती असावेत, व्यवहार छोटा असला तरी लिहिण्याचा कंटाळा करू नये. 'आपल्या माणसांत कसला कागद' म्हणणाऱ्या घरमालकांना आम्ही पुढे हीच आयत सांगितली. एका बेवा खालांनी, ज्यांच्याकडे ही मुलगी मग राहायला गेली, इमामसाहेबांकडून खात्री करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी अंगठ्याचा ठसा द्यायला स्वतः तयार झाल्या. अर्ज मुदतीच्या तीन दिवस आधी गेला.

नाव यादीत लागले. पैसे मात्र लगेच आले नाहीत. पहिला हप्ता आला तोवर सात महिन्यांचे भाडे पदरचे गेले होते. ही योजना आधी पैसे देऊन खोली करून देणारी नाही, केलेल्या खर्चाची मागाहून थोडी भरपाई करणारी आहे, असे समजूनच घराने तयारी ठेवावी. त्या सात महिन्यांत चार महिने जमातीने जकातीतून भाडे भरले, कुणाला न कळू देता. उरलेल्या तीनसाठी अम्मीने बांगड्या ठेवल्या. हजेरीचीही अट असते. मधल्या काळात कंटाळून घरी येऊन बसले तर पुढचे पैसे अडतात.

दुसरी हकीकत लिहावीशी वाटत नाही, पण लिहितो. शेजारच्या गावातला आमचा एक विद्यार्थी, तांबोळी घरातला, धाराशिवला कॉलेजात होता. दाखला तयार, गुण चांगले, सहाशेंच्या यादीत नाव हमखास लागले असते. तो राहत होता लांबच्या नात्यातल्या मामूंकडे. महिन्याला दीड हजार रुपये हातात देत होता, जेवण वेगळे. करार मागितला तर मामूंना राग आला: भाच्याकडून मी भाडे घेतो, हे सरकारला लिहून देऊ? लोक काय म्हणतील? मुलाच्या अब्बांनीही नाते तुटायला नको म्हणून विषय सोडला. अर्ज गेला नाही. दुसऱ्या सत्राला मुलगा घरी आला तो गेलाच नाही. आता तो टोलनाक्याच्या अलीकडे एका गॅरेजात काम करतो. भेटला की सलाम करतो, हात काळे असतात म्हणून मुसाफा करत नाही.

ज्यांची बिरादरी ओबीसी यादीत नाही, त्यांनीही हा लेख इथेच मिटू नये. शेख, सय्यद, पठाण घरांतली बरीच मुले खुल्या प्रवर्गात येतात. त्यांच्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना व्यावसायिक शिक्षणात राहण्याचा भत्ता तिच्यातून मिळतो आणि अर्ज महाडीबीटीवर असतो. यातला शब्द 'नोंदणीकृत' महत्त्वाचा. आमच्या भागातले कितीतरी बाप सेंट्रिंग, फरशी, रंगकाम करतात. बांधकाम कामगार मंडळात नाव नोंदवलेले त्यांच्यात मोजके. बापाची नोंदणी नसेल, तर मुलाचा भत्ता नाही. मौलाना आझाद महामंडळाचे शैक्षणिक कर्जही आहे, पण त्यावर व्याज आहे, थोडे का होईना. काही घरे ते घेतात, काही सूद म्हणून टाळतात. त्यात आम्ही कुणाला सल्ला देत नाही. फक्त एवढेच सांगतो की भत्त्याची योजना कर्ज नाही. ती घ्यायला कोणताही मसला आड येत नाही, तरी ती न घेता आधी कर्जाकडे धावणारी घरे आम्ही पाहिली आहेत.

आमच्या शाळेत आता आम्ही तिघे शिक्षक दर शनिवारी दुपारी सुटीनंतर तासभर थांबतो. आधार योजनेचा अर्ज ज्या जिल्ह्यात मूल शिकते, तिथल्या इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयाकडे जातो. त्या वर्षीची सूचना आणि मुदत तिथे पाहून घ्यावी लागते, ती आम्ही पाहून ठेवतो. पुण्याच्या त्या खालांनी यंदा आणखी दोन मुलींना करार करून दिला. त्यांतली एक तुळजापूरची आहे, आणि तिच्या आजोबांची नोंद वाचायला आमच्याकडेच आली होती.

ज्यांना अशी जुनी उर्दू नोंद वाचून हवी आहे, त्यांनी मोबाइलवर फोटो पाठवू नये, कचेरीतून नक्कल काढून आणावी. जुन्या हाताची शिकस्ता लिखावट असते, शाई उडालेली असते, आणि फोटोत नुक्ते दिसत नाहीत.